सूर्यफूल आधी आरावर, मग घाण्यावर

धान कापून झालं, चुरणं झालं, पोती घरी आली की आपल्या एकोडी-साकोलीच्या भागात वावरातली खरी मजा सुरू होते. हरभऱ्याचे घाटे भरले की धुऱ्यावर काटक्यांचा जाळ करायचा, हरभऱ्याची झाडं मुळासकट उपटून त्यावर टाकायची आणि काळ्या हातांनी हुळा खायचा. त्यानंतर गव्हाच्या ओंब्या. पावसाळ्यात भुट्टा. तलावाकाठी उकडलेला शिंगाडा. तिकडे मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरकडे ज्वारीचा हुरडा. पिकाचा पहिला घास वावरातच खायचा, ही आपली जुनी रीत आहे. व्यापारी नंतर येतो. त्याच्या आधी पोरं येतात, जावई येतात, बांधावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा दोन घास खाऊन जातो.

या रीतीत एक पीक कधीच बसलं नाही. ते म्हणजे सूर्यफूल. सूर्यफुलाचं अख्खं फूल, दाणे कोवळे असताना, भुट्ट्यासारखं आरावर भाजून मीठ-तिखट लावून खाता येतं, असं सांगितलं तर आपल्याकडचा माणूस हसतो. "फूल काय खायचं बाप्पा, ते काय भेंडी आहे?" असं म्हणतो. आम्हीही आधी हसलो होतो. मग भाजून पाहिलं. आज त्यावरच लिहितो आहोत, कारण हा विषय वाटतो तेवढा गमतीचा नाही.

आधी थोडा हिशेब. सूर्यफूल हे मूळचं अमेरिकेचं. तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी ते लागवडीखाली आणलं, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेलं आणि रशियाने त्याला तेलाचं पीक केलं. आपल्या देशात १९६९ च्या सुमारास रशियन वाण आणले गेले आणि १९७२ पासून शेतकऱ्यांच्या वावरात लागवड सुरू झाली. बंगळूरचं पहिलं संकरित वाण १९८० मध्ये आलं. १९८६ मध्ये तेलबिया मोहीम निघाली. त्या काळातल्या शेतकऱ्यांना आठवत असेल, सरकारी माणूस गावात आला की सूर्यफुलाचं पाकीट हातात ठेवून जायचा. लातूरला आणि सोलापूरला वाणांवर काम झालं. १९९३-९४ च्या सुमारास देशात जवळपास २६ लाख हेक्टरवर सूर्यफूल होतं.

आज ते ३ लाख हेक्टरच्याही आत आलं आहे.

असं का झालं, याची कारणं कृषी खात्यातले लोक बरीच सांगतात आणि ती खोटी नाहीत. १९९४ नंतर बाहेरच्या तेलाला दार उघडलं, पामतेल स्वस्तात आलं. १९९७ च्या सुमारास नेक्रोसिस नावाचा विषाणूरोग आला आणि उभी पिकं करपली. पोपटांनी उच्छाद मांडला. सोयाबीन आलं, त्याने जागा घेतली. सगळं खरं. पण आमच्या मते एक कारण कुणी सांगत नाही. सूर्यफूल आपल्या घरात कधी आलंच नाही. वावरातून थेट अडत्याकडे गेलं, अडत्याकडून तेल कारखान्यात गेलं आणि डब्यात बंद होऊन किराणा दुकानात परत आलं. आपण पिकवलेलं सूर्यफूल आपण कधी चाखलं नाही. अडत्याने भाव पाडला त्या दिवशी पीक मोडलं, आणि घरात कुणालाही त्याची उणीव भासली नाही.

याच्या उलट लाखोळी पाहा. लाखोळीच्या विक्रीवर १९६१ पासून दशकानुदशके बंदी होती. रोज फक्त लाखोळीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे त्यामागचं कारण होतं आणि ते खरंच आहे, हेही इथे सांगून ठेवतो. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतून लाखोळी गेली का? गेली नाही. उभ्या धानात फेकायची, ओलीवर उगवते, ना नांगर ना पाणी. कोवळ्या शेंड्याची भाजी झाली, डाळ झाली, वड्या झाल्या. बाजार बंद असतानाही पीक टिकलं, कारण चूल चालू होती. पुढे शास्त्रज्ञांनी कमी विषाचे रतन, प्रतीक, महातिवडा असे वाण काढले, ते पीक जिवंत होतं म्हणूनच.

ज्वारीचंही तेच. ज्वारीचं क्षेत्र राज्यात किती घटलं, सर्वांना माहीत आहे. पण हुरडा गेला नाही. उलट आता शहरातली मंडळी गाड्या करून वावरात हुरडा खायला येतात आणि ताटामागे पैसे मोजतात. राहुरी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी फुले मधुर काढलं, परभणीने परभणी वसंत. म्हणजे ज्या खाण्याला आपण पोरांचा खेळ समजत होतो, त्याच्यासाठी विद्यापीठं वाण काढायला लागली.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच की सूर्यफुलाला पुन्हा वावरात आणायचं असेल तर त्याला आधी आरावर आणा, घाण्यावर नंतर.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते नीट वाचा, कारण यात वेळ चुकली तर हाती कडू चोथा येतो.

सूर्यफूल फुललं की बाहेरच्या मोठ्या पिवळ्या पाकळ्या आपल्याला दिसतात. पण दाणा धरतो तो मधल्या तबकात. तिथे शेकडो बारीक नळीसारखी फुलं असतात, ती कडेकडून आत उमलत जातात आणि प्रत्येकाखाली एक दाणा असतो. मोठ्या पाकळ्या सुकून गळायला लागल्या, तबक जड होऊन मान थोडी वाकली, पण पाठ अजून हिरवीगार आहे, ही आपली वेळ. कडेचा एक दाणा काढून नखाने दाबा. दूध निघालं किंवा आत मऊ पांढरा गर दिसला आणि साल नखाने सहज चिरलं तर तोडा. साल कडक होऊन त्यावर काळ्या रेघा पक्क्या झाल्या असतील तर उशीर झाला, ते फूल आता तेलासाठी ठेवा. पाठ लिंबासारखी पिवळी झाली की ती कापणीची खूण आहे, भाजण्याची नव्हे. हुरड्याची ज्वारी आणि खळ्यावरची ज्वारी यात जो फरक, तोच इथे.

फूल दोन-तीन बोटं दांडा ठेवून कापा, धरायला बरं पडतं. कडेच्या हिरव्या पानोळ्या आणि उरलेल्या पाकळ्या काढून टाका. मग तबकावरची ती सुकी, तपकिरी बारीक फुलं अंगठ्याने चोळून साफ करा. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, ती राहिली तर तोंडात भुसा येतो. खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दाण्यांची पांढरी-करडी रांग दिसू लागते. नीट पाहा. हरभऱ्यावरची घाटे अळी सूर्यफुलाच्या तबकातही शिरते. अळीने पोखरलेलं फूल गुरांपुढे टाका. चांगलं असेल ते पाण्याने धुऊन निथळू द्या.

लसूण, मीठ आणि लाल तिखट पाट्यावर वाटून गोडेतेलात कालवा. घरात जवसाचं तेल असेल तर आणखी चांगलं. हे तबकावर बोटाने चोळा म्हणजे दाण्यांच्या फटीत उतरतं. जाळावर भाजू नका, वरून काळं होतं आणि आत कच्चं राहतं. काटक्या जळून आर झाला की त्यावर जाळी ठेवून फूल तोंड खाली करून ठेवा. चार-पाच मिनिटांत दाणे तडतडायला लागतात आणि कडा तांबूस होतात. मग उलटं करून वर एखादं भांडं झाका आणि आणखी तेवढाच वेळ ठेवा. सूर्यफुलाची पाठ जाड आणि ओली असते, ती वाफेने शिजते तेव्हा दाणे मऊ पडतात. वरून लिंबू पिळा.

खायचं भुट्ट्यासारखंच, कडेपासून दाताने ओरबाडत. कोवळ्या दाण्याचं साल वेगळं काढावं लागत नाही. चव सांगायची तर ओली भुईमुगाची शेंग आणि कोवळा भुट्टा यांच्या मधली, शेवटी किंचित तुरट. मधला पांढरा गाभा आणि पाठ खायची नाही, ती गोठ्यात जाते, गुरं आवडीने खातात. एक फूल एका माणसाला पुरतं. पोटभर जेवण म्हणून याच्याकडे पाहू नका.

परदेशात परसबाग करणाऱ्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत हे खाणं बरंच लोकप्रिय केलं आहे. पण त्यांच्याकडून शिकायला आपल्याला लाज वाटायचं कारण नाही आणि त्यांचं कौतुक करायचंही फारसं कारण नाही. आर, मीठ आणि कोवळा दाणा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या हातून फक्त सूर्यफूल राहून गेलं होतं.

आता पैशाची बाजू. २०२५-२६ साठी सूर्यफुलाचा हमीभाव क्विंटलला ७,७२१ रुपये होता. म्हणजे किलोला ७७ रुपये. एका बऱ्यापैकी फुलात वाळलेले दाणे ४० ग्रॅम धरले तर अख्ख्या फुलाची किंमत तीन रुपयांच्या आसपास येते, तीही हमीभाव मिळाला तर. आणि आपल्या भागात सूर्यफूल घेणारा अडत्या शोधायला निघालात तर किती चपला झिजतील, हे ज्याचं त्याने ठरवावं. तोच महामार्गावर साकोलीच्या बाजूने उभा राहून भुट्टा विकणारा माणूस एका भुट्ट्याचे दहा-वीस रुपये घेतो. भाजलेल्या सूर्यफुलालाही तेवढे मिळतील असं आम्ही म्हणत नाही. लोकांना चव माहीत नाही, आधी फुकट खाऊ घालावं लागेल. पण मंडईच्या दिवसांत, जत्रेत एखाद्या बचत गटाने चार डझन फुलं भाजून पाहिली तर बुडण्यासारखं त्यात काय आहे? दिवाळीनंतरच्या मंडईला फुलं हवी असतील तर पेरा ऑगस्टअखेर करावा लागेल, आणि तो बांधीत नाही, पाणी न साचणाऱ्या उंच जागी.

पाण्याची बाजू त्याहून मोठी आहे. उन्हाळी धानासाठी आपण बांधीत पाणी उभं ठेवतो. रात्री-बेरात्री मोटार सुरू करायला उठतो, साप-विंचवाची पर्वा करत नाही. बोअर दरवर्षी खाली जातात. सूर्यफुलाला उन्हाळ्यात मोजक्या पाळ्या लागतात. कळी धरताना, फुलताना आणि दाणा भरताना पाणी चुकवलं नाही म्हणजे झालं. सगळं उन्हाळी धान मोडून सूर्यफूल लावा, असा सल्ला आम्ही देणार नाही. धानाला सोसायटी आहे, खरेदी केंद्र आहे, बोनसची आशा आहे. सूर्यफुलाला काहीच नाही. ज्याच्या घरी खाणारी तोंडं आहेत त्याने अडत्याच्या भरवशावर एकरभर सूर्यफूल लावू नये. दोन-चार ओळी लावाव्या.

त्या ओळी कुठे लावायच्या, यावर लिहिताना आम्हीच एकदा अडखळलो. आधी वाटलं, धुऱ्यावर तूर लावतो तशी सूर्यफुलाची ओळ लावावी. मोकळी जागा असते, पाणी साचत नाही. पण धुऱ्याच्या खाली धान आहे आणि खोडकिड्यासाठी, तुडतुड्यासाठी त्यावर फवारा चालतो. वाऱ्याने तो फवारा तुमच्या फुलावर येतो. तूर शेंगेत झाकलेली असते, सूर्यफुलाचा दाणा मात्र उघडाच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ती गोष्ट विसरण्याइतकी जुनी झालेली नाही. म्हणून ज्या धुऱ्याला लागून फवारणी होते, तो धुरा खाण्याच्या सूर्यफुलासाठी नाही. घरामागची वाडी, भाजीपाल्याची कड, विहिरीजवळची उंच जागा पाहा. बांधीच्या चिकण, ओल्या मातीत तसंही सूर्यफूल रडतं. पाणी तुंबलं की मुळं कुजतात.

बियाण्याची गोष्टही नीट ध्यानात घ्या. दुकानातलं रंगीत बियाणं विष लावलेलं असतं. ते पेरण्यासाठी, खाण्यासाठी नाही, आणि पोरांच्या हाती तर अजिबात लागू देऊ नका. मिळालं तर बिगर रंगाचं घ्या आणि घरी ट्रायकोडर्मा लावून पेरा. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी धरत नाही. मॉडर्न, भानू, फुले भास्कर यांसारख्या सुधारित वाणांचं धरता येतं. दोन ओळींत दोन फूट, दोन झाडांत एक फूट अंतर ठेवा. एका जागी दोन-तीन दाणे टोका, उगवल्यावर एकच ठेवा. सगळं एकाच दिवशी टोकू नका. दर पंधरा दिवसांनी एक ओळ टोकली तर फुलंही पाठोपाठ येतील, नाहीतर एकाच आठवड्यात सगळी तयार होतात आणि खाणारा दमतो.

अडचणी? पोपट आहेतच. शिवारात एकट्याचंच सूर्यफूल असेल तर गावच्या सगळ्या पोपटांना पत्ता कळतो. चार-पाच घरांनी एकाच वेळी लावलं तर नुकसान वाटलं जातं. घराजवळ असलं तर म्हातारी माणसं राखण करतात. आणि आपण फूल कोवळं असतानाच तोडणार असल्यामुळे पोपटाला महिनाभर मेजवानी मिळत नाही, हा आपला फायदा. फुलताना दाणे पोचट राहत असतील तर मधमाशी कमी आहे असं समजा. सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला मऊ कापड गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकेच फिरवा. दिवसाआड दोन-तीनदा केलं की पुरे. त्या दिवसांत कुठलाही फवारा नको.

एक गंमत जाता जाता. कोवळं झाड सूर्यामागे फिरतं, पण फूल पक्व व्हायला लागलं की ते पूर्वेकडे तोंड करून थांबतं. म्हणून वाडीच्या पश्चिम बाजूला ओळ लावली तर सगळी फुलं तुमच्या अंगणाकडे पाहतात. पूर्वेच्या कुंपणाला लावली तर शेजाऱ्याकडे. भांडणाला नवीन कारण नको असेल तर पश्चिम बरी.

आता दोन शब्द गावच्या कारभारी मंडळींना. सरपंच, तलाठी, कृषी सहाय्यक यांच्यासाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेल-तेलबियांच्या राष्ट्रीय मोहिमेला १०,१०३ कोटी रुपयांची मंजुरी दिली, ती २०३०-३१ पर्यंत आहे आणि सूर्यफूल त्यात बसतं. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये लढाई पेटली आणि आपल्याकडे सूर्यफूल तेलाचा डबा महागला, कारण आपलं सूर्यफूल तेल मुख्यतः तिथून आणि रशियातून येत होतं. हे सगळं दिल्लीचं गणित आहे. पण बियाण्याची पाकिटं शेवटी तुमच्याच कार्यालयात येऊन पडतात. ती नेहमीच्या दहा नावांना न देता, चार-पाच दाण्यांच्या पुड्या करून घरटी वाटता आल्या तर पाहा. पाकीट रंगीत बियाण्याचं असेल तर तसं तोंडी सांगा, पुडीवर लिहून काम भागत नाही. शाळेच्या परसबागेत एक ओळ लावा. मुख्याध्यापकांनी आधी विचारावं लागेल की बियाण्याला काय लावलं आहे, एवढीच काळजी. आणि ज्याने अर्धा एकर का होईना पट्टा लावला असेल त्याची ई-पीक पाहणी सूर्यफूल म्हणूनच नोंदवून घ्या. गेल्या वर्षीचा धान तसाच पुढे ओढला गेला, तर मदत देण्याची किंवा खरेदी केंद्र मागण्याची वेळ आली की कागदावर सूर्यफूल सापडत नाही, आणि मग वरचा साहेब म्हणतो, तुमच्याकडे हे पीकच नाही.

साकोलीचं कृषी विज्ञान केंद्र आणि धान संशोधन केंद्र आपल्या हाताशी आहेत. साकोली ६, साकोली ७, साकोली ८ हे धानाचे वाण त्याच संशोधन केंद्राने दिले. तिथल्या शास्त्रज्ञांना विचारायचं काम शेतकऱ्यांनी करायला हवं. विचारायचं ते हे की आपल्या जमिनीत उन्हाळ्यात कोणतं सूर्यफूल चांगलं येतं आणि कोवळं खायला कोणत्या वाणाचं साल मऊ राहतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कदाचित त्यांच्याकडेही तयार नसेल. तो कुणी विचारला नाही म्हणून.

पेरणीचा हिशेब असा. झाड फुलायला साधारण ५५ ते ६० दिवस लागतात आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत फूल भाजण्याजोगं होतं. थंडी असली तर आठवडाभर जास्त. डिसेंबरअखेर पहिली ओळ टोकली तर होळीच्या आसपास पहिली फुलं हाती येतात. होळीच्या आरावर नारळ आणि हरभरा भाजतोच आपण, त्यात दोन फुलांची भर. जानेवारीअखेरच्या ओळीची फुलं एप्रिलच्या सुरुवातीला निघतील. त्या दिवसांत पोरांच्या परीक्षा असतात, तेव्हा राखणीचा माणूस आधीच ठरवून ठेवा.